डिसेंबरची अमावस्या आणि तोरणमाळचं आभाळ

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला आपल्याकडचे लोक जातात ते पावसाळ्यात धबधबे बघायला, नाहीतर उन्हाळ्यात गारव्याला. माझं म्हणणं आहे की एकदा तरी डिसेंबरातल्या अमावस्येला जा आणि फक्त रात्रीसाठी जा. आम्ही अमावस्येच्या आदल्या दिवशी गेलो होतो, मी, बायको, मुलगी आणि अण्णा म्हणजे माझे वडील. खगोलशास्त्राचं आमच्यापैकी कोणीच काही शिकलेलं नाही, पण त्या रात्री जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय, आणि जाणाऱ्यांच्या कामाचं पण सांगतो.

जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा असा रस्ता. ट्रेनने येणार असाल तर सुरत-भुसावळ लाइनवर नंदुरबारला उतरायचं. पेट्रोल, कॅश, बिस्किटं, जे काय घ्यायचं ते शहाद्यातच घ्या, वर भरवसा नाही. शहाद्याहून पुढे साधारण ५० किलोमीटर, शेवटी सातपायरीचा घाट, तो दिवसाउजेडीच चढा. एसटी पण जाते, वेळा शहाद्याच्या स्टँडवर विचारून घ्या. राहायची सोय वर आहे पण मोजकीच, आधी बुक केल्याशिवाय निघू नका.

दुपारी सीताखाई बघितली, यशवंत तलावाला चक्कर मारली, ते सगळे लिहितात म्हणून मी लिहीत नाही. एकच काम मात्र दिवसा नक्की करा, रात्री कुठे बसायचं ती जागा उजेडात बघून ठेवा. जवळ दिवा नको, चारी बाजूंनी मोकळं हवं, आणि तलावाच्या अगदी काठावर नको, दव फार पडतं. गावातल्या कोणाला तरी विचारून बसा, रात्री अनोळखी माणसं दिसली की लोकांना काळजी वाटते, आणि ते साहजिकच आहे.

सहाच्या आत सूर्य बुडतो, पण खरा अंधार व्हायला सव्वासात वाजतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाईलची स्क्रीन बघितली की सगळं पहिल्यापासून, म्हणून आम्ही सगळ्यांचे मोबाईल गाडीत ठेवले आणि टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावला. लाल उजेडाने डोळे कमी बिघडतात. मुलगी आधी कुरकुरली, मग अर्ध्या तासाने तीच म्हणाली, बाबा, अजून निघतायत तारे. खरंच तसं वाटतं, आभाळ भरतच राहतं.

पहिल्यांदा देवयानी (अँड्रोमेडा) बघा, कारण ती संध्याकाळीच डोक्यावर असते. उत्तरेकडे तोंड करा, शर्मिष्ठा या तारकासमूहाचे पाच तारे इंग्रजी एमसारखे दिसतात. त्या एमचं डावीकडचं टोक वर जिकडे बोट दाखवतं तिकडे सरळ जात राहा, तिथे एक पुसट धुरकट डाग दिसतो. थेट रोखून बघितलं तर हरवतो, जरा बाजूला नजर ठेवली की उमटतो. ती आख्खी दुसरी आकाशगंगा आहे, तिथून निघालेला उजेड इथे पोचायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात. मी हे आधी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि कांबळ्यावर पाठ टेकून स्वतःच्या डोळ्याने तो डाग सापडणं वेगळं, मला काही वेळ बोलताच येईना.

पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, साध्या डोळ्याने सहा तारे मोजता येतात. त्यांचा उजेड सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे तेव्हा खानदेशावर बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांचं राज्य होतं, अकबराने ते १६०१ मध्ये संपवलं. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणे मग आत्ताचा उजेड कोण बघणार.

नऊपर्यंत मृग चांगला वर येतो आणि इथून पुढे सूत्रं अण्णांच्या हातात. मधले तीन तारे दाखवून म्हणाले, हे तिकांडं. पूर्वी रात्री पिकाला पाणी धरायचं तर घड्याळ कोणाकडे होतं, तिकांडं किती कललं त्यावर बारी बदलायची. हे मला आजवर माहीतच नव्हतं, त्यांनी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्या तीन ताऱ्यांच्या रेषेत खाली गेलं की व्याध, रात्रीच्या ताऱ्यांमधला सगळ्यात तेजस्वी, आणि तसा शेजारीच, साडेआठ प्रकाशवर्षांवर, म्हणजे तिथला उजेड साडेआठ वर्षांत इथे पोचतो. दुर्बीण असेल तर तिकांड्याच्या खालचा धुरकट ठिपका बघा, तिथे नवे तारे तयार होतायत. साधी १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे, फक्त कोपर कशावर तरी टेकवा.

मध्यरात्रीनंतर दक्षिणेला अगदी खाली अगस्ती दिसतो, क्षितिजापासून जास्तीत जास्त पंधरा अंश, म्हणजे हात लांब करून दीड मूठ. उत्तरेचा ध्रुव दोन मुठींच्या जरा वर. ध्रुवाची उंची म्हणजे आपण उभे आहोत तिथले अक्षांश, शाळेत पाठ केलेलं ते मुठीने मोजता येतं हे बघून बायकोने चारदा मोजून घेतलं.

दोनच्या सुमारास अण्णांनी मला हलवलं. "ते देख, खाटलं निंघनं." ईशान्येला सप्तर्षी पूर्ण वर आलेले, उभे. चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन ते चोर, खाट ओढून नेताहेत. मधल्या चोराला म्हणजे वसिष्ठाला चिकटून अरुंधती, ती अण्णांना चष्म्याशिवाय दिसली नाही, चष्मा लावल्यावर दिसली आणि ते फार खूश झाले.

थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांच्या वर आहे, पहाटे हाडं गोठतात. खाली ताडपत्री, वर कांबळं, कानटोपी, आणि थर्मासमध्ये चहा. आम्ही कळण्याची भाकरी आणि भरीत बांधून नेलं होतं, ते रात्री एकला खाल्लं.

महाशिवरात्र पण अमावस्येच्या आदल्या दिवशी येते, अंधार तोच, पण तेव्हा गोरखनाथाची यात्रा असते, गर्दी आणि दिवे. ताऱ्यांसाठी जाणार असाल तर ते दिवस टाळा. १३-१४ डिसेंबरच्या आसपास चंद्र नसेल तर मिथुन राशीतला उल्कावर्षाव पण मिळतो.

चाळीसगावकडच्यांना पाटणादेवी जवळ पडेल. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं लिहिलंय. भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये आणि मठ नातवाच्या काळातला, म्हणजे आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी हे शिकवलं जात होतं, मला याचा फार अभिमान वाटतो. पण ते अभयारण्यात आहे, रात्री थांबायचं तर वनखात्याला आधी विचारा.

आम्ही आता एप्रिलच्या अमावस्येला परत जाणार, तेव्हा रात्री दोन-तीनला आकाशगंगेचा मधला भरगच्च भाग आणि वृश्चिक दक्षिणेला दिसतो. त्या महिन्यात वर कोणी राहिलं असेल तर आभाळ कितपत स्वच्छ असतं ते सांगा, आणि गाडीत एक जागा आहे, शहाद्याहून कोणी येणार असेल तर कळवा.