वरच्या दोन खुणा झाल्या, खालचं काय?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मी अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये दारोदार फिरून मतदारांशी बोलायचं काम करत होते. काम हंगामी, पण पगारी. संस्था कुठल्याही पक्षाची नव्हती, त्यामुळे अमक्याला मत द्या असं सांगायला सक्त मनाई होती. घरी मतपत्रिका आली का, भरली का, लिफाफ्यावर सही केली का, एवढं विचारायचं. कोणी विचारलंच, तर कुठल्या पदाचं काम काय ते समजावून सांगायचं.

या कामात एक गोष्ट रोज दिसायची आणि मला फार लागायची. सिनेटर आणि गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा प्रमुख) या दोन जागांवर लोक तावातावाने बोलायचे. टीव्हीवर दिवसभर त्यांच्याच जाहिराती. त्याच कागदावर थोडं खाली सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याचा मुख्य निवडणूक अधिकारी निवडायची जागा असते. तिथे आलं की पेन थांबायचं. ‘यातलं कोणी माहीत नाही, राहू दे कोरं.’

दिवाळीआधीच्या शनिवारी एका दारावर तोरण दिसलं. दार काकूंनी उघडलं, हाताला चकलीचं पीठ. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून त्या आत वळून ओरडल्या, “अहो, मराठी मुलगी आलीय!” मग मला म्हणाल्या, “आधी पाणी घे. केवढं ऊन आहे.”

काका सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मुलाने दोघांना इकडे आणलं, ग्रीन कार्ड झालं, पुढे नागरिकत्वही. जेवणाच्या टेबलावर त्यांची मतपत्रिका पसरलेली होती, हातभर लांब आणि दोन्ही बाजूंनी छापलेली. प्रत्येक ओळीखाली स्टीलची पट्टी धरून ते वाचत होते. सिनेट, काँग्रेस आणि गव्हर्नरसमोरचे लंबगोल अगदी काठोकाठ भरलेले, जराही रेघेबाहेर नाही. त्याखाली सगळं कोरं.

“माहिती नसलेल्या माणसाला मत द्यायचं नाही,” काका म्हणाले. “उगाच ठोकून द्यायचं म्हणजे पाप आहे.”

हे मला मनापासून पटलं. पण माहिती नसली तर ती मिळवता येते. मी विचारलं, “काका, तिकडे निवडणूक ड्यूटी केली असेल ना तुम्ही?”

मग काय, काका खुलले. मतपेटीच्या काळापासून ते मतदान यंत्र येईपर्यंत बहुतेक प्रत्येक निवडणुकीला ड्यूटी. एकदा सुरगाण्याकडच्या पाड्यावर केंद्राध्यक्ष होते. मतदान संपलं, तर नोंदवहीतल्या सह्या आणि यंत्रातला आकडा यांत एकाचा फरक. रात्री उशिरापर्यंत बसून एकेक नोंद तपासली, तेव्हा सही करून बटण न दाबताच निघून गेलेला एक मतदार सापडला. त्याचा शेरा लिहून, एजंटांच्या सह्या घेऊनच यंत्राला सील केलं. “एका मताचा हिशेब होता तो,” काका म्हणाले. “तो लागल्याशिवाय गाडीत बसलो नाही.”

मी त्यांच्या पट्टीखालच्या ओळीवर बोट ठेवलं. “काका, असे हिशेब राज्यभर कसे ठेवायचे, याचे नियम लिहिणारं पद हे आहे.”

इथे आपल्यासारखा देशभर निवडणुका घेणारा आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण ते प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवतं. निवडणूक घेतात ती राज्यं. अ‍ॅरिझोनात मतपत्रिका पाठवणं आणि मतं मोजणं हे काउंटीचं, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याचं काम. पण ते कोणत्या पद्धतीने करायचं याची नियमपुस्तिका दर दोन वर्षांनी सेक्रेटरी ऑफ स्टेट तयार करतो आणि तिला गव्हर्नर व अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील) यांची मंजुरी लागते. कुठली मतमोजणी यंत्रं वापरायची याला मान्यताही तोच देतो. काउंट्यांचे आकडे एकत्र करून राज्याचा अधिकृत निकाल जाहीर करण्याची जबाबदारीही त्याचीच.

“आणि तो माणूस निवडणुकीला उभा राहतो? पक्षाच्या तिकिटावर?”

“हो. शिवाय सध्याच्या सेक्रेटरी केटी हॉब्स या वेळी गव्हर्नरपदाच्या उमेदवार आहेत.”

काकांनी पट्टी खाली ठेवली. “म्हणजे स्वतःच्या निकालावर स्वतःच सही करायची?”

“कायद्याने चालतं.”

“आमच्याकडे उमेदवाराचा लांबचा नातेवाईक असलो तरी छातीत धडकी भरायची,” काका म्हणाले आणि शेषनसाहेबांच्या काळाबद्दल बराच वेळ बोलत राहिले. मलाही ही पद्धत पटत नाही. निवडणूक घेणाऱ्याच्या नावापुढे पक्षाचं अक्षर असू नये असंच मला वाटतं. पण पद्धत बदलेपर्यंत ही खुर्ची रिकामी राहत नाही. आपण कोरं सोडलं तर उरलेले लोक ती भरतात.

मी त्यांना २००० सालची फ्लोरिडाची गोष्ट सांगितली. अध्यक्षपदाचा निकाल अवघ्या ५३७ मतांवर आला आणि त्यावर शिक्कामोर्तब केलं ते तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस यांनी. त्या बुश यांच्या राज्यातल्या प्रचाराच्या सह-अध्यक्षही होत्या. मग जॉर्जिया. २ जानेवारी २०२१ ला, २०२० ची निवडणूक तिथे हरलेल्या खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तिथले सेक्रेटरी ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायची आहेत असं सांगितलं. रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे, तरी ते बधले नाहीत. अ‍ॅरिझोनात तर तेव्हा उपगव्हर्नरसारखं पदच नव्हतं. गव्हर्नर गेला की खुर्चीवर सेक्रेटरी. २००९ मध्ये जॅनेट नॅपोलिटानो केंद्रात मंत्री झाल्या, तेव्हा सेक्रेटरी असलेल्या जॅन ब्रुअर अशाच गव्हर्नर झाल्या होत्या.

काकू मघापासून ऐकत होत्या. “मग मी कोणाला देऊ, ते सांग ना.”

“काकू, ते मला सांगता येत नाही. पण क्लीन इलेक्शन्स कमिशनची पुस्तिका आली असेल घरी.”

ती जाहिरातींच्या गठ्ठ्यात, किराणा दुकानाच्या कुपनांखाली सापडली. दोघांनी शेजारी बसून वाचायला घेतली. काकांनी विचारलं तेवढं मी सांगितलं, आणि तेही दोन्ही बाजूंचं. या पदाचे एक उमेदवार मार्क फिंचम राज्याच्या विधिमंडळात होते आणि २०२० चा अध्यक्षपदाचा काही काउंट्यांमधला निकाल रद्द ठरवावा असा ठराव त्यांनी मांडला होता. दुसरे उमेदवार एड्रियन फॉन्टेस आधी मॅरिकोपा काउंटीचे रेकॉर्डर, म्हणजे मतदार नोंदणी आणि टपाली मतपत्रिका बघणारे अधिकारी होते. मार्च २०२० मध्ये करोना सुरू झाल्यावर, मागणी न केलेल्या मतदारांनाही मतपत्रिका पाठवायचा निर्णय त्यांनी घेतला आणि कोर्टाने तो थांबवला. पुढचं त्यांचं त्यांनी ठरवलं. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसले.

निघताना काका हिरवा लिफाफा पुढे करत म्हणाले, “तूच टाक पेटीत, तुझ्या वाटेवरच आहे.” तो मला घेता येत नव्हता. कुटुंबातलं किंवा घरात राहणारं माणूस किंवा देखभाल करणारी व्यक्ती सोडून दुसऱ्या कोणी भरलेली मतपत्रिका नेणं अ‍ॅरिझोनात २०१६ पासून गुन्हा आहे. सही मात्र नोंदणीतल्या सहीसारखीच करा, ती पडताळतात, एवढं सांगून मी उठले. डब्यात चकल्या मिळाल्या.

नोव्हेंबरच्या शेवटी काकांचा फोन आला, आवाज चढलेला. कोचीस काउंटीच्या मंडळाने मुदतीत आपल्या निकालाला मंजुरीच दिली नव्हती. सेक्रेटरी ऑफ स्टेटने कोर्टात धाव घेतली आणि १ डिसेंबरला न्यायाधीशांनी त्याच दिवशी मंजुरी द्या असा आदेश दिला. काका रोज त्या बातम्या वाचत होते. फॉन्टेस सुमारे १ लाख २० हजार मतांनी निवडून आले. त्याच मतपत्रिकेवरची अ‍ॅटर्नी जनरलची जागा मात्र फेरमोजणीनंतर २८० मतांनी ठरली, मतं पडली होती २५ लाखांच्या आसपास. तो आकडा काकांनी मला दोनदा वाचून दाखवला.

२०२६ च्या नोव्हेंबरमध्ये हे पद पुन्हा मतपत्रिकेवर येतं आहे. अ‍ॅरिझोनात, आणि जॉर्जिया, मिशिगन, नेवाडा, कॅलिफोर्निया, ओहायो, मिनेसोटा इथेही. या राज्यांत आपली मराठी माणसं भरपूर आहेत. नागरिक असाल तर कृपा करून त्या ओळीपर्यंत खाली या. दोन्ही उमेदवारांनी २०२० च्या निकालाबद्दल काय म्हटलं, आधी कुठलं काम केलं, मोजणीबद्दल काय सांगतात, एवढं वाचायला अर्धा तास पुरतो. टेक्सास, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत ही नेमणूक गव्हर्नर करतो. तिथे काउंटीत निवडणूक कोण घेतं ते शोधा आणि ती जागा निवडून येणारी असेल तर तिथे मत द्या.

काकांनी २०२४ मध्ये मतदान केंद्रावर काम करायला अर्ज केला. तो आम्ही दोघांनी मिळून भरला आणि त्यांना काम मिळालं. केंद्रावर ‘जज’ म्हणून नेमलेल्या कर्मचाऱ्यांत दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं सारखी असावी लागतात, म्हणून मतदार नोंदणीत पक्ष कोणता ते इथे बघतात. प्रशिक्षणाहून परतल्यावर त्यांनी मला फोन केला. “सिन्नरला कोणी शिक्षकाला पक्ष विचारला असता तर आम्ही तहसीलदाराच्या दारात बसलो असतो.” दोन पक्षांनी एकमेकांवर डोळा ठेवलेला बरा, असं माझं म्हणणं. काकांना ते अजून मान्य नाही.