सुरगाण्यातल्या पाड्यांवर वनहक्काच्या फायली: इंटर्नशिपचा माझा अनुभव

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत वनहक्कावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची) इंटर्नशिप केली. अशा संस्थेत पगारी माणसं मोजकीच, त्यामुळे इंटर्नच्या हाती थेट मुख्य काम येतं: वैयक्तिक दाव्याची, म्हणजे कसत असलेली वनजमीन वनहक्क कायद्याखाली नावावर करून मागणाऱ्या अर्जाची, फाइल पुरी करणं. २०१८ च्या मार्चमध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले, तेव्हाही कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही त्यांची मोठी मागणी होती.

इंटर्नशिप घेणार असाल तर आधी महिना नीट निवडा. दिवाळीनंतर पाडे ओस पडतात, कारण माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. पावसाळ्यात नागली-भाताची आवणी असते. बागांची काढणी संपल्यावरचा मे महिना सगळ्यांत उपयोगी. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. कोरमविना केलेल्या ठरावावर पुढे हरकत निघते.

जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असावी लागते आणि त्यासाठी एकाहून जास्त पुरावे लागतात. वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या सगळ्यांत भक्कम. म्हणून घरात शिरल्यावर पहिल्यांदा आजी-आजोबांची पत्र्याची पेटी उघडायला सांगा. पावती नसेल तर दावेदाराखेरीज दुसऱ्या वृद्धाचा लेखी जबाब, शिवाय बांध, विहीर, जुनी झाडं यांचा स्थळ पंचनामा. इथे सगळ्यात जास्त गफलत होते ती जबाबांत. एकाच हाताने, एकाच साच्यात लिहिलेले दहा जबाब कुणाला पटत नाहीत. ज्याने सांगितलं त्याच्याच शब्दांत लिहा. साल आठवत नसेल तर बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, असं विचारा. बांध कुणी घातला, हे आपोआप निघतं.

दावेदार तरुण असेल तर २००५ मध्ये तो लहान होता, हे विसरू नका. तेव्हा कसणारा बाप किंवा आजोबा होता, तर वंशावळ आणि वारसाचे कागद हवेतच. विवाहिताचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. बायकोच्या आधारवर माहेरचं नाव असेल तर ते सुरुवातीलाच जुळवून घ्या.

मोजणी मोबाइलच्या जीपीएसवर होत असेल तर घाई करू नका. २० आरच्या (२००० चौरस मीटरच्या) चौकोनी तुकड्याची बाजू साधारण ४५ मीटर. प्रत्येक बाजू ५ मीटर आत सरकली तर १२ आरच उरतात! सागाच्या दाट पानांखाली असं सहज घडतं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबा, अचूकता ५ मीटरच्या आत आली की मगच बिंदू घ्या, आणि शेजारच्या कसणाऱ्याला सोबत ठेवा. नकाशा नाशिकलाच डाउनलोड करून न्या, डोंगरात रेंजचा भरवसा नसतो. हक्क ४ हेक्टरपर्यंतच मिळतो, पण अर्जात प्रत्यक्ष ताब्यापेक्षा एक गुंठाही जास्त लिहू नका.

अर्ज गावाच्या वनहक्क समितीकडे दिला की लेखी पोच घ्या. पोच नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. उपग्रह चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळायचं म्हटलं, तर नियमाकडे बोट दाखवा: असं तंत्रज्ञान इतर पुराव्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

उपविभागीय समितीने दावा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि निर्णय दावेदाराला समक्ष कळवावा लागतो. जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस मिळतात, समितीने मानलं तर आणखी ३०. आदेश गावात आला आणि घर मजुरीला गेलेलं असेल, तर हे दिवस वाया जातात. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर दावेदाराच्या फोनखाली मुकादमाचा नंबर आणि बाग कोणत्या गावात आहे, तेही लिहून ठेवा.