एका दिवसात दोनच शातो: शनाँसो आणि व्हिलाँद्री

आई-बाबा पॅरिसला माझ्याकडे आले तेव्हा ल्वार खोऱ्यातले राजवाडे, म्हणजे शातो, दाखवायचे हे नक्की होतं. प्रश्न एवढाच होता की कुठले आणि कसे. पॅरिसहून पहाटे निघून रात्री परत आणणाऱ्या सहली एका दिवसात तीन-तीन शातो दाखवतात. त्यात खोल्या बघून होईपर्यंत बसची वेळ होते आणि बागा राहून जातात. बाबांची सगळी नोकरी कृषी खात्यात गेली. त्यांना तिथवर नेऊन बाग न दाखवता परत आणणं मला पटेना. म्हणून दोनच शातो निवडले, शनाँसो आणि व्हिलाँद्री, आणि आदल्या दिवशी तूर शहरात मुक्काम केला.

तूरपर्यंतचा प्रवास सोपा आहे. पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून टीजीव्ही ही वेगवान गाडी तासाभरात सँ-पिएर-दे-कॉरला पोचवते, तिथून तूर अगदी जवळ. खरं नियोजन लागतं ते दुसऱ्या दिवशीचं. शनाँसोला जाणाऱ्या लोकल गाड्या मोजक्याच, त्यामुळे जायची आणि यायची गाडी आधी ठरवायची आणि दिवस त्याभोवती बसवायचा. गाडी मात्र अर्ध्या तासात शातोच्या दारातच सोडते. स्टेशनवरून दोन-चार मिनिटं चाललं की तिकीट खिडकी, आणि पुढे उंच झाडांची लांब सरळ वाट. आईचे गुडघे दुखतात, पण या वाटेवर चढ नाही. ती रमतगमत चालली.

शनाँसो शेर नदीच्या पात्रातच उभा आहे. त्याची गोष्ट समजून घ्यायची तर आत शिरण्याआधी दोन्ही हातांच्या बागा बघाव्यात. डावीकडची दिआन द प्वातिएची. राजा दुसऱ्या आँरीने 1547 साली हा शातो आपल्या या प्रेयसीला दिला. तिने बाग केली आणि वास्तुविशारद फिलिबेर द लोर्मकडून नदीवर पूल बांधून घेतला. 1559 मध्ये राजा भाल्यांच्या खेळात जखमी होऊन गेला, आणि राणी कॅथरिन द मेडिचीने दिआनला शनाँसो सोडायला लावून बदल्यात शोमाँचा शातो घ्यायला भाग पाडलं. मग कॅथरिनने उजवीकडे स्वतःची बाग केली आणि दिआनच्या पुलावर दालन चढवलं. नवऱ्याच्या प्रेयसीने बांधलेल्या पुलावर राणीने मेजवान्या दिल्या! आईला ही गोष्ट सांगितल्यावर ती दोन्ही बागा निराळ्याच नजरेने बघायला लागली. "मोठी बाग हिची आणि राज्य तिचं," ती म्हणाली. खरंच आहे, दिआनची बाग 12,000 चौरस मीटर आहे, कॅथरिनची त्याच्या निम्म्याहून कमी.

बाबा मात्र दिआनच्या बागेच्या कडेच्या दगडी भिंतीपाशी अडकले. शेरला पूर येतो, म्हणून सगळी बाग नदीपासून उचलून घेतली आहे आणि चारी बाजूंनी उंच बांध घातलाय. त्या बांधावरून फिरता येतं. आठ त्रिकोणी हिरवळी, त्यांवर राखाडी झुडपांच्या वेलबुट्टीसारख्या ओळी, मधोमध कारंजं. आत उतरून चाललात तर समोरची फुलं दिसतात, आराखडा कळत नाही. या बागा वरून बघण्यासाठीच आखलेल्या आहेत, आणि मी म्हणेन की आधी बांधावरून पूर्ण फेरी मारावी, मगच खाली उतरावं.

आत गर्दी असते, पण दोन जागी आम्ही मनसोक्त थांबलो. एक स्वयंपाकघर. ते पुलाच्या खांबांच्या पोटात, पाण्याच्या जवळ आहे. होडीने आलेला माल तिथल्या धक्क्यावर थेट उतरायचा. दुसरं ते पुलावरचं दालन, 60 मीटर लांब, 18 खिडक्या, खाली काळ्या-पांढऱ्या फरशा. पहिल्या महायुद्धात इथे रुग्णालय होतं. चॉकलेटच्या धंद्यातले गास्तों मनिए तेव्हा मालक होते, खर्च त्यांनीच केला, आणि 1918 च्या अखेरीपर्यंत 2,254 जखमी सैनिकांवर उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात तर शेर नदी हीच सीमा झाली होती. शातोचं मुख्य दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात आणि या दालनाचं पलीकडचं दार मुक्त भागात. त्या दारातून बाहेर पडून मी पलीकडच्या काठावर उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला.

दुपारच्या गाडीने तूरला परत. डब्यात दशम्या होत्या, त्यांच्याबरोबर इथलं शेळीच्या दुधाचं सँत-मोर चीज घेतलं. त्याच्या लांबट वळीतून आरपार एक गवताची काडी घातलेली असते.

व्हिलाँद्री तूरच्या पश्चिमेला सुमारे 15 किलोमीटरवर. बसच्या वेळा आम्हाला जुळत नव्हत्या, म्हणून जायची-यायची टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवून ठेवली होती. दोघा-तिघांत खर्च विभागला की परवडतो, आणि परतीची चिंता राहत नाही.

आणि मग ती भाजीबाग! नऊ मोठे चौरस, प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि सगळी नक्षी भाज्यांनी भरलेली. निळसर लीक, जांभळा कोबी, बीट, पिवळ्या-लाल देठांचा चार्ड, सेलरी, आणि आम्ही सप्टेंबरअखेर गेलो म्हणून जागोजाग भोपळे. प्रत्येक वाफ्याला हातभर उंचीचं कातरलेलं कुंपण. वरून पाहिलं तर एखादी पैठणी उलगडून ठेवल्यासारखं वाटतं.

बाबा एका कोबीच्या वाफ्याशी उकिडवे बसले. तिथे एक माळीणबाई पिवळी पानं खुडत होत्या. "अगं, त्यांना विचार, पाणी कसं देतात?" मी विचारलं. नळ्या जमिनीखालून आहेत. "आणि औषध?" 2009 पासून रासायनिक फवारणी बंद. "पिकांची फेरपालट?" बाई हसल्या आणि उभ्या राहिल्या. वर्षातून दोनदा सगळी लागवड बदलते, आणि एका वाफ्यात कुठल्या कुळातली भाजी कधी घ्यायची याचं तीन वर्षांचं चक्र ठरलेलं असतं. म्हणजे रंगसंगती जमवायची, पण जमिनीचा कस जाऊ न देता. बाबांनी मला सांगितलं, "हे सगळ्यात अवघड काम आहे, हे त्यांना सांग." मी सांगितलं. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं माझ्या भाषांतरापेक्षा हातवाऱ्यांनी जास्त झालं.

ही बाग मुळात सोळाव्या शतकातली जशीच्या तशी नाही, याने मला तिचं मोल जास्त वाटतं. राजा फ्रान्स्वा पहिल्याच्या अर्थकारभाऱ्याने, जाँ ल ब्रताँने, शातो बांधला. पुढे जुन्या बागा मोडून इंग्लिश पद्धतीचं उद्यान केलं गेलं. 1906 साली स्पॅनिश वैज्ञानिक जोआकिम कार्व्हालो आणि त्यांची अमेरिकन पत्नी अ‍ॅन कोलमन यांनी तो विकत घेतला. कार्व्हालो नोबेलविजेते शार्ल रिशे यांच्याबरोबर काम करायचे. ते संशोधन त्यांनी सोडलं आणि जुने नकाशे-चित्रं अभ्यासून बागा पुन्हा उभ्या केल्या. आज त्यांचा पणतू हे सांभाळतो. पिढ्यानपिढ्या रोज कातरी आणि खुरपं चालतं म्हणून ती बाग आहे. दोन वर्षं हात थांबला तर नक्षी पुसली जाईल.

प्रेमबागेचे चार चौक आईला आवडले: कोमल, उत्कट, चंचल आणि शोकांत. शेवटच्यात झुडपं खंजिरांच्या पात्यांसारखी कापलेली आहेत. त्याच्याही वर जलबाग, मोठं शांत तळं, आणि त्याचं पाणी उतरून शातोच्या खंदकात येतं.

तुम्ही जाणार असाल तर व्हिलाँद्रीत फक्त बागांचं तिकीट वेगळं मिळतं, पण जुन्या बुरुजावर चढायचं असेल तर शातोचं तिकीट घ्या, कारण वाट आतूनच आहे. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांनी प्रेमबागेच्या वरच्या सज्जावर जावं. तिथून भाजीबाग, शातो आणि गावातलं चर्च एकाच नजरेत येतं. आई तिथे बसली, बाबा आणि मी बुरुजावर गेलो, आणि टॅक्सी येईपर्यंत बाबा वाफे मोजत होते.