चार कार्यक्रमांना अख्खं वर्ष का लागतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहोत. अमेरिकेतल्या कम्युनिटी सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना मराठी मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो: "ऑक्टोबर ते मे तुमचे कार्यक्रम मोजून चार, उन्हाळ्यात बागेतला एक. मग दर मंगळवारी रात्री जाता कुठे?" ख्यालाच्या मैफलीत गायक आणि तबलजी ग्रीनरूममध्ये दोन शब्द बोलतात आणि थेट मंचावर बसतात. तशा मैफली ऐकत मोठं झालेल्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

आधी हिशोब. अशा ऑर्केस्ट्रात कंडक्टरला मानधन असतं, वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांना नसतं. दिवसा नोकरी, संध्याकाळी व्हायोलिन. म्हणून तालीम आठवड्यातून एकदाच, बहुधा शाळेच्या बँडरूममध्ये, साडेसात ते दहा. मधली १५ मिनिटांची सुट्टी वजा केली की हातात सव्वादोन तास राहतात. एका कार्यक्रमाला अशा ६ तालमी आणि सभागृहात एक ड्रेस रिहर्सल, म्हणजे सगळे मिळून जेमतेम १६ तास. चार कार्यक्रमांचे २८ आठवडे झाले. त्यात थँक्सगिव्हिंग, नाताळ, वसंतातली शाळेची सुट्टी आणि बर्फामुळे रद्द झालेल्या एक-दोन तालमी मिळवा. सप्टेंबरात सुरू केलेलं काम मे महिन्यापर्यंत पोचतं ते असं. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली उभा राहिला, पण तो व्यावसायिक आहे. तिथे रोज तालीम होते, त्यामुळे हेच काम काही दिवसांत उरकतं.

आमचा हंगाम म्हणजे या १६-१६ तासांची वाटणी. काय वाजवायचं हे आवडीवर ठरतं असा समज आहे. खरं तर ते आधी माणसं मोजून ठरतं. व्हायोलिनवाले गावात मिळतात, बासरीवाले गरजेपेक्षा जास्त मिळतात. अडतं ते ओबो आणि बसून ही लाकडी फुंकवाद्यं, व्हायोलिनहून मोठा व्हियोला आणि पितळी हॉर्न यांच्यापाशी. एखाद्या रचनेला चार हॉर्न हवे असतील आणि आपल्याकडे तीनच असतील, तर चौथा पैसे देऊन आणावा लागतो. तो शेवटच्या दोनच तालमींना येतो. म्हणून त्याला पार्ट, म्हणजे त्याच्या वाद्यापुरती स्वरलिपी, महिनाभर आधी पाठवावा, आणि कुठली पुनरावृत्ती गाळली आहे, कुठे कंडक्टर चारऐवजी दोन मात्रांत हात देतो, हे त्यावर पेन्सिलीने लिहून पाठवावं. एवढं केलं नाही तर आणलेला चांगला वादकसुद्धा ड्रेस रिहर्सलला भलत्याच पानावर असतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी, 'न्यू वर्ल्ड', न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये डिसेंबर १८९३ मध्ये पहिल्यांदा वाजली. कम्युनिटी ऑर्केस्ट्रांची ती लाडकी आहे, कारण श्रोत्यांना ओळखीची आणि तंतुवाद्यांना पेलणारी. लांबी सुमारे ४०-४५ मिनिटं. बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बसून प्रत्येकी २, हॉर्न ४, ट्रंपेट २, ट्रॉम्बोन ३, ट्यूबा १, म्हणजे १८ जण. टिंपनीला (मोठ्या नगाऱ्यांना) एक, झांजा आणि ट्रायँगलला मिळून एक. तंतुवाद्यं १०-८-६-८-४ (पहिलं व्हायोलिन, सेकंड व्हायोलिन, व्हियोला, चेलो, बेस) धरली तर ३६. एकूण ५६ माणसं. व्हायोलिनपासून चेलोपर्यंत दोघांत पार्ट ठेवायचा एक स्टँड, म्हणजे १६. बेसचे ४, फुंकवाद्यांचे १८, तालवाद्यांचे २, कंडक्टरचा १. झाले ४१. खुर्च्या ५०, सगळ्या बिनहाताच्या, कारण हाताच्या खुर्चीत चेलोवाल्याचं कोपर अडकतं. बेसवाल्यांना ४ उंच स्टुलं, टिंपनीवाल्याला एक. सभागृहाच्या माणसाला हा कागद आठवडाभर आधी द्यायचा. "साधारण पन्नास-साठ लोक" असं तोंडी सांगितलं, की हमखास स्टँड कमी पडतात.

आता याच सिंफनीच्या तालमीचं वेळापत्रक. ट्यूबाला फक्त दुसऱ्या, संथ भागात काम आहे, तेही मोजक्या सुरांचं. झांज अख्ख्या रचनेत एकदाच वाजते, शेवटच्या भागात, आणि तीसुद्धा दणकून नाही, बेतानेच. त्या माणसांना अडीच तास बसवून ठेवलं तर पुढच्या वर्षी ती येत नाहीत. म्हणून साडेसातला दुसरा भाग, मग ज्यात ट्रॉम्बोन आहेत ते भाग, मग त्यांना सुट्टी, आणि सुट्टीनंतर छोट्या ताफ्याचा कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्या साथीला ऑर्केस्ट्रा अशी रचना. वेळापत्रक मिनिटांसकट रविवारपर्यंत सगळ्यांना गेलेलं असावं. आमच्या मते कंडक्टर कसा आहे हे त्याच्या हातवाऱ्यांआधी या कागदावरून कळतं.

हॉर्नवाल्यांची अडचण वेगळीच. पहिल्या भागात पहिल्या दोन हॉर्नचे पार्ट 'ई' सुराच्या हॉर्नसाठी लिहिलेले, हातातलं वाद्य 'एफ' सुराचं. प्रत्येक सूर अर्धा स्वर खाली उतरवून वाजवायचा. सराव असलेल्यांना हे डोळे मिटून जमतं. नव्या वादकासाठी मात्र स्वरांतर करून लिहिलेला पार्ट आधीच शोधून ठेवावा, नाहीतर पहिली तालीम त्यातच जाते.

पार्टवर प्रकाशनहक्क नसेल तर ते विकत किंवा फुकट मिळतात. अमेरिकेत जुन्या रचनांचा हक्क प्रकाशनानंतर ९५ वर्षं चालतो. त्यामुळे अमेरिकन संगीतकार कॉपलंडची १९४४ची 'ॲपलेशियन स्प्रिंग' भाड्याने घ्यावी लागते, वर सादरीकरणाचा परवाना वेगळा. स्वस्त पुनर्मुद्रणांतली मेख वेळेवर कळत नाही: पार्टवर फक्त ए, बी, सी अशी अक्षरं असतात, बारचे (मात्रांच्या छोट्या गटांचे) आकडे नसतात, आणि कंडक्टरच्या प्रतीत आकडे असतात. तो म्हणतो, "२०७ पासून", आणि पन्नास माणसं बोटं मोजत बसतात. एका तालमीत असं दहा वेळा झालं की वीस मिनिटं गेली. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे. वाटण्याआधी प्रत्येक पार्टच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा आकडा लिहायचा.

त्याच बैठकीत गजाच्या खुणा. गज खाली ओढायचा की वर ढकलायचा हे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख, आपल्या पार्टवर ठरवतो, मग सेकंड व्हायोलिन, व्हियोला, चेलो, बेसचे प्रमुख त्याला जुळवून घेतात, मग पार्ट सांभाळणारा लायब्ररियन त्या खुणा सगळ्या स्टँडांवर उतरवतो. वरच्या मांडणीत हे २० पार्ट झाले. मऊ पेन्सिल, २बी, शाई अजिबात नाही. तिसऱ्या तालमीत कंडक्टरने एक ओळ बदलली की वीसही ठिकाणी बदल. मागच्या स्टँडपर्यंत तो पोचला नाही, तर कार्यक्रमात समोरचे गज खाली आणि मागचे वर दिसतात. श्रोत्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण वाक्य फुटलेलं त्याला ऐकू येतं. म्हणून बदल पहिल्या स्टँडवरून मागे कुजबुजत पोचवायची पद्धत आहे, आणि ती पाळलीच पाहिजे.

कॉन्चेर्टो पियानोचा असेल तर पियानो मधोमध आणण्यासाठी पहिल्या व्हायोलिनचे स्टँड हलवावे लागतात. त्यांच्या जागा आधीच जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा. एरवी सगळ्यांनी सूर मिळवायला ओबो 'ए' हा सूर देतो, ४४० हर्ट्झ. पियानो मंचावर असला की सूर पियानोचा, कारण तो ऐनवेळी बदलता येत नाही. पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरला सकाळी बोलवा आणि ड्रेस रिहर्सलनंतर पुन्हा एकदा.

कार्यक्रमांखेरीज हंगामात मुलांसाठी वाद्यं हाताळायचा दिवस असतो. व्हायोलिन वेगवेगळ्या मापांत ठेवावीत, कारण पाव मापाचं सहा-सात वर्षांच्या मुलाला साधारण बसतं. ट्रंपेटचं तोंड प्रत्येक मुलानंतर पुसून घ्यायचं. ओबो-क्लॅरिनेटची रीड (फुंकायची पातळ पट्टी) मात्र कुणालाही फुंकायला देऊ नये. ती नीट निर्जंतुक होत नाही. आईवडिलांनो, या दिवशी नक्की या. वाद्य निवडायची घाई करू नका, मूल कुठल्या टेबलाशी दुसऱ्यांदा जातं तेवढं बघा.

उन्हाळ्यातल्या बागेतल्या कार्यक्रमात सगळा खेळ वाऱ्याचा आणि उन्हाचा. प्रत्येक स्टँडला कपडे वाळत घालायचे ४ चिमटे, पारदर्शक असतील तर उत्तम, कारण त्यांच्याखालचे सूर दिसतात. लाकडी क्लॅरिनेट-ओबोवर थेट ऊन पडलं तर ते तडकू शकतात. उकाड्यात फुंकवाद्यांचा सूर चढतो आणि तारा सैल पडून उतरतात, म्हणजे दोघं एकमेकांपासून लांब जातात. तिथे प्रत्येक रचनेनंतर सूर मिळवावा लागतो, आणि ती दोन मिनिटं कार्यक्रमाच्या वेळेत आधीच धरावी लागतात.

टाळ्या संपल्यावर लायब्ररियन दाराशी खोका घेऊन उभा राहतो. भाड्याचे पार्ट परत करायचे असतात, त्याआधी आपल्या खुणा खोडून. हरवलेल्या एका पार्टचे पैसे भरावे लागतात. म्हणून खोक्यावर यादी चिकटवलेली असते: पहिलं व्हायोलिन ५, सेकंड ४, व्हियोला ३, चेलो ४, बेस ४, मग फुंकवाद्यं एकेक. त्या रात्रीच मोजायचं. न सापडलेला पार्ट बहुतेक वेळा कुणाच्या तरी चेलोच्या केसमध्ये निघतो, आणि केस गाडीत ठेवली जाण्याआधी विचारलं तरच मिळतो.