भामेरचे उतार अखेर तडकायचे थांबले

मंडळी, धुळे जिल्ह्यातल्या भामेर किल्ल्याचं जे मॉडेल करतोय, त्याच्या मधल्या टेकडीवरचा मातीचा थर पूर्ण वाळला आणि त्याला एकही तडा गेलेला नाही! नखाने खरवडून पाहिलं, मुठीने ठोकून पाहिलं, थर जागचा हलत नाही. पावसाळाभर काम इथेच अडलं होतं, त्यामुळे आज आधी हेच.

सांगाडा तुम्हाला ठाऊक आहे. प्रमाण 1:500, टोपोशीटवरच्या (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावरच्या) 20 मीटरच्या प्रत्येक कंटूरला, म्हणजे समान उंचीच्या रेषेला, 20 मिमी जाडीच्या थर्माकोलच्या दोन शीट, एकावर एक. त्यामुळे डोंगराला पायऱ्या पडतात आणि त्या बुजवाव्या लागतात. वॉल पुट्टी पातळ हाताने छान बसते, पण पायरी भरायला जाड दिली की पापुद्रे धरून सुटते. काळी माती रंगाने आपल्या दगडाच्या जवळची, म्हणून माझा सगळा जीव तिच्यावर होता. पण ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. खालचा थर्माकोल आकसत नाही, मग माती फाटते. भुसा घातला, तागाचे तुकडे घातले, फेविकॉलचं पाणी दिलं. तडे बारीक झाले, गेले मात्र नाहीत. कड्याच्या ओठावर तर हमखास. या प्रमाणात दोन मिलिमीटरचा तडा म्हणजे डोंगरात मीटरभर रुंदीची भेग, ती कशी चालवून घ्यायची?

दिवाळीच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांना घेऊन पुन्हा भामेरला गेलो. खरं काम कड्यांची उंची घेण्याचं होतं. उपग्रहावरून मिळणारा उंचीचा फुकट डेटा 30 मीटरच्या चौकटीचा असतो. त्यात उभा कडा निमूटपणे उतार होऊन बसतो. अंतर मोजायच्या लेझर मीटरचा ठिपका उन्हात दिसत नाही, म्हणून लेक पांढरा पुठ्ठा धरून कड्याला टेकून उभी राहिली, धाकट्याने कोरीव पायऱ्या मोजल्या, बायकोने वहीत आकडे उतरवले. जिथे हात पोचत नव्हता तिथे अंतर आणि कोन घेऊन गणित केलं. लेझर मीटर घ्यायचाच असेल तर कोन दाखवणारा घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. डोंगरात साध्या मीटरचा उपयोग अर्धाच.

मुक्काम साक्रीजवळ आत्याकडे होता. तिचं घर जुनं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. रात्री ओट्यावर मी तड्यांचं सांगत होतो, तर आत्या म्हणाली, "बापू, काळी माटी फाटसच. धाबावर आपन खारी टाकतस, काळी टाकतस का?"

धाब्याच्या घरात लहानाचा मोठा झालो, आणि उत्तर डोक्यावरच्या छतात होतं! खारी म्हणजे आपली ती पांढरट, खारवलेली माती. पाणी पडलं की तिचा थर दाबून बसतो आणि पाणी खाली उतरू देत नाही, म्हणून तर पिढ्यान् पिढ्या ती धाब्यावर पडते. आत्याने गोणीभर बांधून दिली.

आता कृती. थर्माकोलवर आधी जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या फेविकॉलने चिकटवल्या, म्हणजे मातीला धर मिळतो. मग तीन भाग चाळलेली खारी, एक भाग बारीक वाळू, मूठभर कातरलेला ताग. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच द्यायची आणि वर ओलं गोणपाट टाकून सावलीत सावकाश वाळवायची. पंख्याखाली ठेवू नका, वरची साय आधी वाळते आणि ओढ धरते. रंगाची काळजी नको: काळी माती पाण्यात पातळ कालवून ब्रशने वर फिरवली की दगडाचा रंग येतो, आणि इतक्या पातळ थरात ती फाटत नाही. स्प्रे पेंटच्या वाटेला मात्र जाऊ नका, त्यातलं थिनर थर्माकोल खातं.

पकड मिळाल्यावर लेण्यांची रांग एका बैठकीत झाली. माती अर्धवट ओली असतानाच दालनं कोरायची, खांब टूथपिकच्या टोकाचे. दोन मीटरचं दार इथे चार मिलिमीटर होतं, तरी तिरप्या उजेडात आतला काळोख दिसतो. मी बराच वेळ नुसता बघत होतो. भामेरला तट-बुरूज नंतर; आधी डोंगरच कोरून काढलाय, पाण्याची टाकी, दालनं, जिने, सगळं. ते मॉडेलमध्ये दिसायलाच हवं.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. टाकी वरून नुसते खळगे दिसतात. पश्चिमेची टेकडी उभी कापून अर्धी उघडी ठेवली तर? आतली खोली, साठलेलं पाणी (पारदर्शक रेझिन), आणि लाव्ह्याचे आडवे थरही दाखवता येतील. दोन थरांमध्ये तांबडी माती सापडते तशी बारीक पट्टी गेरूने काढायची. त्या टेकडीचा सांगाडा अजून चिकटवलेला नाही, तेव्हा कापणं सोपं आहे. ठरलं, कापतोय.

पुढचा नंबर लळिंग किल्ल्याचा लावला होता, पण तिथे तटाचं काम जास्त. खारीचा हात बसलाय तोवर लेण्यांचा डोंगर घ्यावा असं वाटतंय: चाळीसगावचा कन्हेरगड. पोटात नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही लेणी, पायथ्याला पाटणादेवीचं देऊळ. पोरांनाही भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, पाटणचा शिलालेख कुठला ते कळेल. लळिंग महामार्गावरच आहे, कुठे पळून जात नाही.

कन्हेरगडाच्या लेण्यांची आतली मापं कोणी घेतली असतील तर कळवा, विशेषतः छताची उंची. आणि खारी हवी असेल तर सांगा, अर्धी गोणी शिल्लक आहे.