बाबांच्या जीपला नवे दाते

आज अख्खा दिवस जीपमागे गेला, आत्ता हात धुवून लिहायला बसलोय, नखातलं ग्रीस अजून निघालं नाहीये. मागच्या एक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचाला, वेल्डपाशी चीर गेली होती आणि क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी, तर पावसाळ्यापासून रडत होतं. सकाळीच कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो, तीन दुकानं पालथी घातल्यावर जुनं हाउसिंग आणि शाफ्टची जोडी मिळाली. दुकानदार चाचांनी स्वतःच सांगितलं, आधी स्प्लाइनवरून (शाफ्टच्या टोकाच्या खाचांवरून) बोट फिरवा मग पैशाचं बोलू. एक शाफ्ट पिळलेला निघाला तर लगेच बदलून दिला, खूप बरं वाटलं.

गिअर मात्र नवेच घेतले. क्राउन आणि पिनियन ही जुळलेली जोडी असते, एक इथला एक तिथला असं चालत नाही. 39 आणि 8 दाते, म्हणजे 4.88 चा रेशो (पिनियनचे इतके फेरे तेव्हा क्राउनचा एक), पुढच्या एक्सलला आहे तोच, फोर बाय फोरला दोन्हीकडे सारखाच लागतो.

गॅरेजवाल्या दादाने दात्यांना निळा रंग लावून क्राउन हाताने फिरवला, दाते टेकतात तिथला ठसा दात्याच्या वरच्या कडेला आला, की परत पिनियन बाहेर, शिम (पातळ चकती) बदल, बेअरिंग प्रेसवर. चार वेळा! घाई अजिबात नाही, शेवटी ठसा बरोब्बर मधोमध बसला तेव्हा मला बोलावून टॉर्च मारून दाखवला.

संध्याकाळी वाशी पुलापर्यंत हळूहळू नेऊन आणली, थांबून डिफरन्शिअलवर, एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यावर, हात ठेवला, कोमट, आवाज काहीच नाही. बाबा शेजारी काच खाली करून नुसते ऐकत होते. आता 800 किलोमीटरला ऑइल बदलायचं.