चाळीस एमबीची वही
फोंड्यात पाऊस लागला की वीज जाते, आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम वीस मिनिटं तग धरते. त्यातली चार तर ज्युपिटरची नोटबुक, म्हणजे कोड आणि त्याचे आलेख एकत्र ठेवणारी फाइल, उघडण्यातच जायची. एकदा वैतागून ती साध्या एडिटरात उघडली. नोटबुक म्हणजे शेवटी जेसनच, साध्या मजकुरात माहिती मांडायची एक पद्धत. प्रत्येक आलेख बेस-६४ मजकूर, म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ, होऊन त्यातच कोंबलेला. फाइल ४० एमबी, माझा कोड २०० ओळी!

मग रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःचाच एडिटर लिहायला घेतला. मागे कोड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे कर्नल, तोच; झीरोएमक्यू या संदेश पोचवणाऱ्या लायब्ररीवरून बोलणारा. फक्त समोर दिसतात तेवढेच सेल, म्हणजे नोटबुकचे कप्पे, पडद्यावर रंगवायचे, आलेख तिथवर पोचल्यावरच उलगडायचे. काल तीच फाइल पातं लवतं न लवतं तोच उघडली. सेव्ह केल्यावर निम्मे आलेख गायब, ते सोडा. कोड खुला ठेवलाय. बग पकडणाऱ्याला भाजी-पाव माझ्याकडून.